पिल्लू आणायचं, पण सांभाळायचं कुणी?

लेकरांच्या परीक्षा संपल्या की बऱ्याच घरांत एक हट्ट सुरू होतो, "आई, कुत्र्याचं पिल्लू आणू नं!" पूर्वी आखाड्यावर गावठी कुत्रं असायचंच. भाकरीच्या तुकड्यावर ते राखण करायचं. आता मात्र टीव्हीत, मोबाईलवर बघून लेकरांना छोटं, केसाळ टेरियर हवं असतं. बाबा हौसेनं आणतात आणि चार दिवसांनी त्याचं सगळं आईच्या गळ्यात पडतं. म्हणून मैत्रिणींनो, 'हो' म्हणण्याआधी थोडी माहिती आपणच करून घेऊ.

टेरियर हे मूळचे इंग्लंडकडचे. उंदीर-घुशी पकडायला, बिळं उकरायला पाळलेले. त्यामुळे तुमच्या कुंड्या उकरणं हा त्याचा खोडसाळपणा नाही, तो स्वभावच आहे. पण धान्याच्या कोठीमागे उंदराचं औषध ठेवलेलं असेल तर ते आधी काढा. पिल्लानं ते खाल्लं किंवा औषध खाल्लेला उंदीर धरला, तर जिवावर बेतू शकतं.

पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नये. आणल्यावर दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्या. इतका लहान जीव फार वेळ उपाशी राहिला तर गळून जातो. गाई-म्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, हगवण लागते. कांदा-लसणाची भाजी, मनुके, द्राक्षं आणि चॉकलेट तर मुळीच नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे लस. सहा ते आठ आठवड्यांपासून डोस सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चौथा महिना भरेपर्यंत चालतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी. जंताचं औषधही वेळच्या वेळी. डोस पुरे होईपर्यंत पिल्लाला गल्लीतल्या कुत्र्यांत सोडू नका. पार्व्हो नावाचा आजार पिल्लांचा काळच आहे. उलट्या होतात, रक्ताची हगवण लागते आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी गुरांचा दवाखाना असतो. तो काही फक्त बैल-म्हशींसाठी नाही.

पिल्लाचा दात किंवा नख लागलं, तर "आपलंच तर आहे" म्हणून सोडू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. पोटात चौदा इंजेक्शनं हा जुना काळ गेला, आता दंडावर मोजकीच देतात. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर मात्र माणूस जवळपास वाचतच नाही. लेकरं घाबरून चावल्याचं लपवतात, म्हणून त्यांना रागावू नका. "काही झालं की आधी मला सांगायचं," एवढं शिकवा.

आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. म्हणून त्याला पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर बांधू नका. फिरवायचं ते पहाटे नाहीतर दिवस मावळल्यावर. लांब केस रोज विंचरा, गोचीड बघा. पण गोठ्यातलं गोचिडाचं औषध किंवा रॉकेल अंगाला चोळू नका, एवढ्याशा जिवाला ते विष ठरतं.

घरात शी-शू केली म्हणून मारू नका. झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर ठरलेल्या जागी न्या, जमलं की शाबासकी द्या. पंधरा-वीस दिवसांत फरक दिसू लागतो.

टेरियर बारा-पंधरा वर्षं जगतं. तेवढ्यात मुलगा लातूरला शिकायला जाईल, मुलगी सासरी जाईल, पिल्लू मात्र तुमच्या पायाशीच राहील. म्हणून आणण्याआधीच घरात कामांची वाटणी करा. सकाळचं फिरवणं कुणी, खाणं कुणी, लशीच्या तारखा कुणी बघायच्या, ते कागदावर लिहून फ्रीजला चिकटवा. वाटणी मान्य असेल तर खुशाल आणा. नसेल तर लेकरांना सरळ सांगा, "अजून थांबू." कुणीतरी सांभाळेल म्हणून आणलेला मुका जीव शेवटी कुणाचाच राहत नाही.