कड्यावरचा मठ

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, एस्क नदी जेथे उत्तर समुद्राला मिळते तेथे, व्हिटबी नावाचे एक जुने बंदर आहे. बंदराच्या पूर्वेस उंच कडा असून त्यावर एका भव्य ख्रिस्ती मठाचे अवशेष उभे आहेत. गावातून वर जाण्यासाठी १९९ दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. मधूनमधून रुंद टप्पे व बाके आहेत. पूर्वी शवपेटी वाहून नेणारे लोक त्या बाकांवर पेटी टेकवून क्षणभर विसावा घेत. पायऱ्या संपल्या की सेंट मेरीचे चर्च व त्याभोवतीची जुनी दफनभूमी लागते. तिच्या पलीकडे मठाच्या छपराविना भिंती आणि रिकाम्या खिडक्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतात.

इ. स. ६५७ मध्ये नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्विऊ याच्या आश्रयाने येथे पहिला मठ स्थापन झाला. हिल्डा ही राजकुळातील साध्वी त्याची प्रमुख होती. साधू आणि साध्वी दोघेही तिच्या आज्ञेत राहत. तिची विद्वत्ता व शहाणपण यांची कीर्ती एवढी होती, की राजेसुद्धा तिचा सल्ला घेत. ईस्टरचा सण केव्हा पाळावा हा वाद मिटविण्यासाठी ६६४ मध्ये धर्मपरिषद भरली, तीही याच मठात.

या मठाच्या आश्रयाला कॅडमन नावाचा एक गुराखी होता. त्या काळी मेजवानीच्या वेळी वीणेसारखे एक वाद्य हातोहात फिरे व ज्याच्या हाती ते येई त्याने गावे, असा रिवाज होता. कॅडमनला गाता येत नसे. वाद्य जवळ येताना दिसले की तो मुकाट्याने उठून जाई. एके रात्री तो असाच उठून गोठ्यात जाऊन निजला. स्वप्नात कोणीतरी त्याला नावाने हाक मारून गाण्यास सांगितले. त्याने नकार दिला. तरी आग्रह होताच सृष्टीच्या निर्मात्याचे स्तवन त्याच्या मुखातून बाहेर पडले. सकाळी ही हकीकत हिल्डेच्या कानी गेली. एका अडाणी गुराख्याची बडबड म्हणून तिने ती सोडून दिली नाही. तिने विद्वानांना बोलावले, सर्वांसमक्ष ते गीत ऐकले आणि कॅडमनला मठात सामावून घेतले. ज्याचे नाव आपणांस ठाऊक आहे, असा हा पहिला इंग्रज कवी होय.

पुढे ९व्या शतकात डेन लोकांच्या स्वाऱ्यांत तो मठ उद्ध्वस्त झाला. ११व्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच जागी नवा मठ उभा राहिला. आज दिसणारे उंच कमानींचे काम मुख्यतः १३व्या शतकातील आहे. १५३९ मध्ये राजा आठवा हेन्री याने हा मठ बंद केला. मग ऊन, पाऊस व वारा यांनी आपले काम आरंभिले. १८३० मध्ये मधला मनोरा कोसळला. पहिल्या महायुद्धात, १६ डिसेंबर १९१४ रोजी, जर्मन युद्धनौकांच्या तोफांचे गोळे येऊन उरल्यासुरल्या भिंतींनाही इजा झाली.

दफनभूमीची कहाणी याहून वेगळी नाही. येथे पिढ्यान्‌पिढ्यांचे खलाशी, कोळी व व्यापारी चिरनिद्रा घेत आहेत. समुद्राने ज्यांचे देह परत दिले नाहीत, अशांचीही नावे आप्तांनी दगडांवर कोरून ठेवली. परंतु हा दगड वालुकाश्म आहे. खाऱ्या वाऱ्याने त्याला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पडतात आणि अक्षरे झिजून जातात. कित्येक शिळांवर आता एकही नाव वाचता येत नाही. एवढेच नव्हे, तर खालचा कडाही हळूहळू ढासळत आहे. २०१३ च्या आरंभी, अतिवृष्टीनंतर दरड कोसळून काही जुन्या अस्थी उघड्या पडल्या. त्या गोळा करून पुन्हा भूमीच्या स्वाधीन कराव्या लागल्या.

मग येथले टिकले काय? कॅडमनच्या त्या स्तवनाच्या नऊ ओळी टिकल्या. बीड नावाच्या विद्वान साधूने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या इतिहासग्रंथात ही कथा लिहून गीताचा आशय लॅटिन भाषेत दिला. त्या ग्रंथाच्या नकला करणाऱ्यांनी गीताचे मूळ शब्दही कोठे समासात, तर कोठे अखेरच्या पानावर उतरवून ठेवले. राजाचा आश्रय असलेला पहिला मठ गेला, दुसऱ्याचे छप्पर गेले, थडग्यांवरची नावे पुसली. गोठ्यात निजणाऱ्या गुराख्याचे शब्द मात्र आजही वाचले जातात. हिल्डेने ते लक्षपूर्वक ऐकले आणि पुढच्यांनी ते जतन केले, म्हणूनच हे घडले.