पंचांग, भरती आणि समुद्रस्नान

ब्रह्मपुरीच्या पूर्वेकडून वाहणाऱ्या वैनगंगेचे पाणी प्राणहिता व गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्या शाळांच्या सहली मात्र नेमक्या उलट दिशेला, कोकणात निघतात! नदीत पोहायला शिकलेल्या मुलाला समुद्राची भीती वाटत नाही, आणि धोका आहे तो इथेच. नदीचे पाणी एकाच दिशेला जाते. समुद्राचे दिवसातून चार वेळा दिशा बदलते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मरण पावले. मग जाण्यापूर्वी काय पाहावे?

प्रथम पंचांग. कोकणात एक जुना हिशेब सांगतात : तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजी वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज तितकीच लांबते. पाऊण तासाचे गमक हे आहे. नेमकी वेळ अर्थातच भरतीच्या कोष्टकात पाहावी आणि गावातील कोळ्यांना विचारावी.

समजा, भरती आणि ओहोटीच्या पातळीत ४ मीटरांचा फरक आहे. पाणी सारख्या गतीने चढत नाही. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच निम्मे, म्हणजे २ मीटर चढते. कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला मुलगा जागचा न हलताही तासाभरात बुडेल!

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते व उधाण येते. अष्टमीला भांगाची, म्हणजे सौम्य भरती असते. पण मुरूडच्या दुर्घटनेचा दिवस कृष्ण अष्टमीचाच होता. तिथी सौम्य म्हणून किनारा सुरक्षित ठरत नाही, कारण लाटांचा हिशेब पंचांगात नसतो.

लाटांनी किनाऱ्यावर लोटलेल्या पाण्याला परत जावेच लागते. वाळूच्या दोन उंचवट्यांमधील खोलगट वाट सापडली, की ते तिथून जोराने समुद्राकडे धावते. तिथे लाटा फुटत नाहीत. पट्टा शांत, गडद दिसतो. नवखा माणूस पोहायला नेमकी तीच जागा निवडतो! या प्रवाहाचा वेग कधीकधी सेकंदाला २ मीटरपर्यंत जातो. शंभर मीटरच्या शर्यतीतला जगज्जेताही त्याहून फारसा वेगाने पोहत नाही. मात्र हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. म्हणून त्याच्याशी झुंजू नये. पाठीवर तरंगावे. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे ४० किलोच्या मुलाला जवळजवळ एक किलोचा जादा आधार मिळतो. हात वर करून हाक मारावी आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे. काठावरच्यांनी उडी न घेता दोर किंवा घट्ट बंद केलेला रिकामा डबा फेकावा.

आता सहल एकादशीला आहे असे धरा. अकरा पाऊणे सव्वाआठ : सकाळी सव्वाआठला पूर्ण भरती. मधले वेगवान तास तोवर संपलेले असतात. तेव्हा सात ते आठ, जीवरक्षकासमोर, गुडघाभर पाण्यात, आणि एक शिक्षक वाळूवर उभे राहून डोकी मोजत. साडेदहा ते साडेबारा ओहोटीची ओढ सर्वांत जोराची; तो वेळ जेवणासाठी ठेवावा.