गच्चीवरचा वारा वेगळा

पतंग उडवणाऱ्या पोरांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. अंगणात पतंग गोते खातो. घरांच्या वर गेला की मांजा ताणून धरतो. जमीन, झाडे, घरे वाऱ्याला अडवतात. हे घर्षण उंचीबरोबर घटत जाते आणि साधारण एक किलोमीटरनंतर फारसे उरत नाही.

बातम्यांत आपण ऐकतो तो वाऱ्याचा वेग मोकळ्या जागी, 10 मीटर उंचीवर मोजण्याचा संकेत आहे. तिथे तो ताशी 50 किलोमीटर असेल, तर मोकळ्या सपाट प्रदेशात 100 मीटरवर साधारण 70 भरतो. फरक एवढाच? नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे वेग दीडपटही नाही, दाब मात्र जवळजवळ दुप्पट!

13 मे 2024 रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळून 17 माणसे गेली. उंच फलकाचा पाया अंगणातल्या झुळकेवर नव्हे, वरच्या वाऱ्यावर बेतावा लागतो. भारतीय मानकही उंचीनुसार वेग वाढवून धरायला सांगते.

खाली पान हलत नाही म्हणून वर सारे शांत आहे, असे समजू नये. गच्चीवरचे सैल पत्रे वळिवाआधीच बांधून घ्यावेत.