जुन्या गाडीचे शॉकअप कसे निवडावे?

बैलगाडीत बसून आपण सर्वांनी प्रवास केला आहे. बैलगाडीला स्प्रिंग नसते. चाक दगडावर चढले की गाडी चढते. चाक खड्ड्यात गेले की गाडी आपटते. धक्का थेट कंबरेला बसतो. टांग्याच्या खाली मात्र लोखंडी पाटे असतात. म्हणून टांग्यात बसणे थोडे सुखाचे.

आता गावोगावी मोटारी आल्या आहेत. नवी मोटार सर्वांना परवडत नाही. पुष्कळ जण जुनी घेतात. मारुती ८०० ही गाडी तर सर्वांच्या ओळखीची. ती १९८३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आली. २०१४ च्या जानेवारीत ती बनवणे बंद झाले. म्हणजे आज तिच्यातली सर्वांत नवी गाडीसुद्धा दहा वर्षांहून जुनी आहे. तरी ती धावते आहे. बाजाराला, लग्नाला, दवाखान्याला तीच लागते.

अशी गाडी खड्ड्यात धडधडू लागली, की मिस्त्री म्हणतो, "शॉकअप गेले. बदला." मालकाला त्यातले काही कळत नाही. तो मान डोलावतो आणि पैसे मोजतो. पैसे आपले आणि जीवही आपला. म्हणून या गोष्टीची माहिती आपल्याला हवी.

स्प्रिंगचे काम आणि शॉकअपचे काम

पुष्कळांना वाटते, शॉकअप गाडीचे वजन पेलतो. तसे नाही. वजन पेलते स्प्रिंग. चाक दगडावर चढले की स्प्रिंग दबते आणि धक्का पोटात घेते. पण स्प्रिंगला एक खोड आहे. दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. एकटी स्प्रिंग असेल तर गाडी पाळण्यासारखी हलत राहील.

ही उसळी थांबवतो तो शॉकअप. त्याचे खरे नाव शॉकअ‍ॅब्सॉर्बर. गॅरेजात त्याला शॉकअप म्हणतात. आपणही तेच म्हणू.

त्याच्या पोटात काय असते? रंगपंचमीची पिचकारी आठवा. पाणी भरून दट्ट्या दाबला, तर बारीक भोकातून पाणी हळूहळू निघते. कितीही जोर लावा, दट्ट्या एकदम आत जात नाही. शॉकअप म्हणजे दोन्ही तोंडे बंद असलेली पिचकारी. नळीत तेल असते. दट्ट्याला बारीक भोके असतात. चाक वरखाली झाले की दट्ट्या तेलातून सरकतो. तेल भोकांतून कष्टाने वाट काढते. त्यात उसळीचा जोर जिरतो आणि तेल गरम होते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप हाताला गरम लागतो.

ताक घुसळले की फेस येतो ना? तसा या तेलालाही फेस येतो. फेसातून दट्ट्या सहज सरकतो आणि शॉकअप ढिला पडतो. हे टाळण्यासाठी काही शॉकअपमध्ये नायट्रोजन वायू दाबून भरतात. त्यांना गॅसचे शॉकअप म्हणतात.

पुढचा निराळा, मागचा निराळा

मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना जो शॉकअप असतो, त्याला स्ट्रट म्हणतात. ही रचना मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियराने काढली. आज बहुतेक लहान मोटारींना पुढे हीच रचना असते. स्ट्रटवर स्प्रिंग बसवलेली असते. शिवाय चाक उभे धरण्याचे कामही स्ट्रटच करतो. स्टिअरिंग फिरवले की स्ट्रट चाकाबरोबर वळतो. मागचा शॉकअप साधा असतो. त्याचे काम उसळी थांबवण्याचे, एवढेच.

म्हणून मागचे शॉकअप बदलणे सोपे व स्वस्त. पुढचे स्ट्रट बदलणे खर्चाचे व जोखमीचे.

शॉकअप गेला तर काय बिघडते?

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, थोडे धक्के बसले तर काय झाले? बैलगाडीत नव्हते का बसत?"

प्रश्न बरोबर आहे. पण बैलगाडी माणसाच्या चालीने जाते. मोटार तासाला साठ किलोमीटर धावते. ब्रेक चाकाला थांबवतो, आणि चाक रस्त्याला धरून गाडीला थांबवते. शॉकअप गेलेला असेल, तर चाक चेंडूसारखे टपटप उडते. चाक हवेत असेल त्या क्षणी ब्रेक दाबून उपयोग काय? गाडी थांबायला जास्त अंतर लागते. पुढे शाळेतून सुटलेली मुले असतील, तर ते थोडे अंतर फार मोठे ठरते. वळणावर गाडी झोल खाते. टायरही जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजतो. म्हणजे शॉकअपचे वाचवलेले पैसे टायरला जातात.

आधी रोग ओळखा

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असे होऊ नये. म्हणून आधी तपासणी करा.

गाडी सपाट जागी उभी करा. एका कोपऱ्यावर जोराने दाबा आणि सोडून द्या. गाडी वर येऊन लगेच स्थिर झाली, तर बहुधा शॉकअप बरा आहे. दोन-तीन वेळा झुलत राहिली, तर तो गेला आहे. चारही कोपरे असेच तपासा. पण एवढ्यावर थांबू नका. या परीक्षेत पास झालेला शॉकअपही कमजोर असू शकतो.

मग खाली वाकून शॉकअपची नळी बघा. थोडी तेलकट धूळ असेल तर घाबरू नका. नळी तेलाने ओली असेल, थेंब ओघळत असतील, तर आतले सील फाटले आहे. टायरवरून तळहात फिरवा. उंचसखल लागतो का बघा. ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक फार खाली जाते का, तेही बघा.

काही दुखणी शॉकअपची नसतात. गाडी एका बाजूला कायमची बसली असेल, तर दोष स्प्रिंगचा. खड्ड्यात खट्‌खट् वाजत असेल, तर बुश, बॉल जॉइंट किंवा स्ट्रटच्या डोक्यावरचे रबरी माउंटिंग गेले असेल. गाडी एका अंगाला ओढत असेल, तर आधी टायरमधली हवा बघा. मिस्त्रीला विचारा, "शॉकअप गेला हे कशावरून म्हणता? मला दाखवा." चांगला मिस्त्री रागावत नाही. तो दाखवतो.

खर्च करावा का?

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे होत नाही ना, हेही बघा. बॉनेट उघडा. दोन्ही बाजूंना स्ट्रट जेथे वर बोल्टांनी बसवला आहे, तेथला पत्रा गंजून सडला असेल, तर नवे स्ट्रट घालून उपयोग नाही. आधी पत्र्याचे काम करावे लागेल. नोंदणीची तारीखही बघा. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी आर.टी.ओ.त दाखवून ती पाच वर्षांसाठी नवी करून घ्यावी लागते. मुदत जवळ आली असेल, तर सर्व खर्चाचा हिशेब एकदम मांडा.

कोणता घ्यावा?

बाजारात चार प्रकारचे शॉकअप मिळतात.

पहिला, मोटार कंपनीच्या डब्यातला. हा महाग असतो, पण त्यात चूक होण्याचा संभव कमी.

दुसरा, शॉकअप बनवणाऱ्या नावाजलेल्या कारखान्याचा. मोटार कंपन्या शॉकअप बहुधा अशाच कारखान्यांकडून घेतात. हा थोडा स्वस्त पडतो. जुन्या गाडीला हा पुरेसा चांगला.

तिसरा, भंगारातला. जुनी नळी कापून तेल भरतात, वेल्डिंग करतात, वर काळा रंग मारतात. दिसायला नवा, पण आतला दट्ट्या झिजलेलाच. तो थोड्याच दिवसांत पुन्हा गळतो. हा घेऊ नये.

चौथा, नकली. डबा नावाजलेल्या कंपनीसारखा, माल भलताच. नाव एखाद्या अक्षराने वेगळे असते. डबा नीट वाचा. वाचता येते, त्याचा उपयोग येथेच होतो. बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि किंमत डब्यावर छापलेली असली पाहिजे.

तेलाचा घ्यावा की गॅसचा? तुमच्या गाडीला मुळात जो होता, तोच घ्यावा. कोणी म्हणेल, "आपला रस्ता खराब, ओझे जास्त. सर्वांत कडक शॉकअप टाका." तसे करू नका. ओझे स्प्रिंग पेलते, हे आपण वर पाहिले. फार कडक शॉकअपने गाडी ओझे जास्त उचलत नाही. उलट धक्के पत्र्याला आणि माणसांना बसतात. ओझे जास्त होत असेल, तर ओझे कमी करणे हाच उपाय.

घेताना आणि बसवताना

दुकानात जाताना आर.सी. बुक बरोबर न्या. गाडीचे साल आणि चॅसिस नंबर दुकानदाराला दाखवा. एकाच नावाच्या गाडीत वर्षावर्षाला फरक असतो. अगदी सुरुवातीच्या मारुतीला मागे पाटे होते, नंतरच्यांना वळ्यांची स्प्रिंग आली. पुढचा डावा स्ट्रट आणि उजवा स्ट्रट यांतही फरक असतो. जुना काढलेला शेजारी ठेवून लांबी आणि बोल्टची भोके जुळवा.

नेहमी जोडी बदला. दोन्ही पुढचे, नाहीतर दोन्ही मागचे. नांगराला एक बैल तरणा आणि एक थकलेला जुंपला तर तास सरळ जाईल का? गाडीचेही तसेच. चारही एकदम बदलायला पैसे नसतील, तर जी जोडी जास्त खराब, ती आधी बदला.

स्ट्रट बदलताना वरचे माउंटिंग, आतला रबरी ठोकळा आणि धुळीचे आवरण तपासून घ्या. ती झिजली असतील तर त्याच वेळी बदला. नाहीतर त्याच कामाची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

एक गोष्ट मात्र घरी कधीही करू नका. स्ट्रटच्या डोक्यावरचा मधला नट उघडू नका. त्याखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. नट सुटला की ती गोळीसारखी उडते. माणूस जायबंदी होतो, जिवासही मुकतो. हे काम स्प्रिंग दाबून धरण्याचे हत्यार असलेल्या मिस्त्रीनेच करावे. स्ट्रट बदलल्यावर चाकांची अलाइनमेंट करून घ्या. नाहीतर नवे टायर वाकडे झिजतील.

शेवटी पक्की पावती घ्या. तीवर मालाचे नाव, नंबर आणि गॅरंटीची मुदत लिहून घ्या. जुने शॉकअप परत मागून घ्या. म्हणजे खरोखर बदलले की नाही ते कळते. फसवणूक झाली तर १९१५ या नंबरावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारही करता येते. पण पावती नसेल तर तुमचे म्हणणे सिद्ध कसे होणार?

लक्षात ठेवा

आधी दोष दाखवून घ्या, मग खर्च करा. गाडीला मुळात होता तसाच शॉकअप घ्या. जोडीने बदला. डबा वाचा. पावती जपा.

गाडी जुनी असली म्हणून काही बिघडत नाही. आपल्या घरची माणसे तिच्यात बसतात. ब्रेक दाबल्यावर ती जागच्या जागी थांबली पाहिजे.