डोळ्यातला बुडबुडा आणि कसारा घाट

मुंबईला घेतलेलं वेफर्सचं बंद पाकीट इगतपुरीला पोचेपर्यंत टम्म होतं. पाहिलंय कधी? कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, गाडी घाट चढते आणि सुमारे ६०० मीटर उंचीवर येते. वर हवेचा दाब कमी, म्हणून पाकिटातली हवा पसरते. आता हेच डोळ्यात झालं तर?

"डोळ्यात हवा कशी जाईल?" ऐका तर!

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल नावाचा नाजूक पडदा असतो. त्यावरचं चित्र एक नस मेंदूकडे नेते. काही मुलांच्या डोळ्यात या नसेच्या तोंडाशीच जन्मापासून दोष असतो. कधी बारीक खळगा, तर कधी नरसाळ्यासारखा खड्डा. हा खड्डा गारवेलीच्या जातीच्या फुलासारखा दिसतो, म्हणून १९७० साली किंडलर या डॉक्टरांनी त्याला 'मॉर्निंग ग्लोरी' म्हटलं. नाव गोड, पण दुखणं वाईट! अशा डोळ्यांपैकी साधारण तिघांत एकाचा पडदा पुढे सुटतो. पडद्याखाली पाणी शिरतं आणि पावसाळ्यात भिंतीचा पोपडा सुटावा तसा तो सुटतो.

दुखत काहीच नाही. दुसरा डोळा चांगला असला, तर मुलाला पत्ताही लागत नाही! म्हणून आईबाबांनो, एकेक डोळा झाकून मुलाला कॅलेंडर वाचायला सांगा. तिरळेपणा किंवा बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर थांबू नका. डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात, आत पाहतात. सोनोग्राफी आणि 'ओसीटी' तपासणीत पडदा कुठे सुटलाय ते कळतं.

मग ऑपरेशन. डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढतात, कधी नसेभोवती लेसर देतात आणि पडदा जागेवर दाबून धरायला आत वायूचा बुडबुडा सोडतात. काही दिवस मान खाली घालून राहावं लागतं. (खोडकर मुलांची खरी परीक्षा!) पडदा बसला तरी नसेतला दोष राहतोच, त्यामुळे नजर किती सुधारेल ते आधी सांगता येत नाही.

समजा, इगतपुरीच्या मुलाचं ऑपरेशन मुंबईत झालं. टाके बरे, घरची ओढ. पण घाट चढला की बुडबुडा फुगणार, डोळ्यातला दाब वाढणार आणि नस दुखावणार! विमानालाही म्हणूनच बंदी. तेव्हा "आमचं गाव घाटावर आहे," हे डॉक्टरांना ऑपरेशनआधीच सांगावं. मग ते वायूऐवजी सिलिकॉन तेलाचा विचार करू शकतात. तेल फुगत नाही, मात्र पुढे ते बहुधा काढावं लागतं.

साधी हवा आठवडाभरात विरते, काही वायू दोन महिनेही टिकतात. बाटलीतल्या पाण्यासारखी हलणारी रेघ मुलाला दिसते आणि ती रोज थोडी खाली सरकते. शेवटी छोटा गोल उरतो, मग तोही जातो. डॉक्टरांनी तपासून होकार दिला, की कसाऱ्याच्या पुढचं तिकीट काढायचं.