दोन कारकून, एकच नोंदवही

अकोले आणि अकोला हीं दोन्ही गांवें महाराष्ट्रांतच आहेत. परंतु ‘अकोल्यास’ एवढेंच लिहिलेलें पत्र प्रवरेकांठीं जावें कीं वऱ्हाडांत, हें कसें ठरावें? १९७२ सालीं पिनकोड आला आणि हा घोटाळा मिटला. ४२२६०१ म्हणजे अकोले, ४४४००१ म्हणजे अकोला. पत्रें निवडणारा व वांटणारा एकच यादी मानतात, हें त्याचें मर्म.

ई-मेलचेंही तसेंच आहे. व्हित्से व्हेनेमा यांची १९९८ मधील ‘पोस्टफिक्स’ ही आज्ञावली पत्र स्वीकारते. टिमो सिराइनेन यांची २००२ मधील ‘डव्हकॉट’ परवलीचा शब्द तपासून पेटी उघडते. दोन्ही मुक्तस्रोत आहेत. त्यांच्या याद्या वेगळ्या असल्या, तर नोकरी सोडून गेलेल्याचें नांव एकींतून खोडलें जातें, दुसरींत राहतें. आणि कचेरीचीं जुनीं पत्रें तो खुशाल वाचूं शकतो. म्हणून दोघीही ‘मायएस्क्यूएल’सारख्या एकाच डेटाबेसला विचारतात. नांव एकदांच लिहावयाचें, एकदांच खोडावयाचें.

मात्र ती एकच वही बंद पडली, कीं दोन्ही कामें अडतात. यास्तव तिची दुसरी प्रत सिद्ध ठेवावी आणि या आज्ञावलींना ती केवळ वाचण्याचाच अधिकार द्यावा.