राफ्टिंगला जाताय? आधी गटाच्या बैठकीत एक गोष्ट ठरवा



सुगी आटोपली, की आपल्या बचत गटांत सहलीचा विषय निघतो. आमची सहल म्हणजे आजवर देवदर्शन. जेजुरी, आळंदी, फार तर गाणगापूर. या खेपेला मात्र गटातल्या एका काकूंनी मोबाइलवरचा एक व्हिडिओ बैठकीत सगळ्यांना दाखवला. रबरी होडीत आठ बाया, डोक्यावर हेल्मेट, हातात वल्हं आणि तोंडावर उडणारं पाणी. काकू म्हणाल्या, "देव कुठं पळून जात नाही. गुडघे चालतात तोवर हे करून घेऊ."

मग आम्ही चौदा जणींनी दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकले आणि रायगड जिल्ह्यात कोलाडला, कुंडलिका नदीवर जाऊन आलो. तिथं काय असतं, काय विचारायचं, काय घालायचं, ते आज सांगतो. आमचं एक चुकलं, तेही सांगतो. कारण ती चूक तुमच्या गटातही होऊ शकते.

एका दिवसात काय काय असतं

सकाळी राफ्टिंग, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीतून वाहत्या नदीत जाणं. होडीत आपण आठेक जणी आणि मागे गाइड. वल्हं आपणच मारायचं. सुमारे १२ किलोमीटरचा प्रवास, दीड-दोन तास लागतात. पाण्याच्या उसळ्यांना जगभर एक ते सहा अशा पायऱ्या लावतात. एक म्हणजे संथ, सहा म्हणजे जिवावरची. कुंडलिकेचं पाणी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचं धरतात. शिकणाऱ्याला जमेल असं, पण चेष्टेवारी नेण्याचं नाही.

जेवणानंतर बाकीचे खेळ. संथ पाण्यात कयाक, म्हणजे एकटीची किंवा दोघींची लहान होडी. झिपलाइन, म्हणजे तारेला लटकून या टोकाहून त्या टोकाला सरकत जाणं. आणि रॅपलिंग, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरणं.

ही नदी सकाळीच का भरते

कोलाडला पोचलात आणि नदी अगदी रोडावलेली दिसली, तर घाबरू नका. हे पाणी वीजघरातून येतं. घाटावर मुळशीचं धरण आहे. त्याचं पाणी एरवी पूर्वेकडे, भीमेच्या दिशेनं गेलं असतं. ते अडवून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं आहे. भिरा इथं ते सुमारे ५०० मीटर खाली पडतं, त्या जोरावर टाटांच्या वीज कंपनीची यंत्रं फिरतात आणि मग ते कुंडलिकेत सोडलं जातं. भिऱ्याचं वीजघर १९२७ सालचं. या धरणात शेतं-घरं जाणार म्हणून मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. होडीत बसताना हे ठाऊक असलेलं बरं. आपण ज्या पाण्यावर खेळतो, त्याच्यासाठी कोणाची तरी भातखाचरं गेली आहेत.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, पाणी सोडतात त्या वेळीच होडी निघते, आणि ती वेळ बहुधा सकाळची असते. म्हणून आदल्या संध्याकाळी पोचून मुक्काम करा. रात्रभर गाडी हाकलेल्या ड्रायव्हरकडून पहाटे ताम्हिणी घाट उतरवून घेऊ नका. दोन, काही कारणानं पाणी सुटलंच नाही, तर राफ्टिंग होत नाही. तसं झालं तर पैसे परत मिळणार का, हे आधी विचारून ठेवा.

पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

फोनवर विचारायला लाजू नका. भाजी घेताना आपण चार ठिकाणी भाव करतो, इथं तर जीव द्यायचा आहे त्यांच्या हाती.

पहिला प्रश्न नोंदणीचा. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार असे खेळ चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. प्रमाणपत्राचा फोटो मागून घ्या.

दुसरा, एका होडीत किती जणी आणि गाइड किती? होड्यांच्या सोबत बचावासाठी वेगळी कयाक असते का?

तिसरा, प्रथमोपचाराची पेटी आणि गाडी काठावर असते का? जवळचा दवाखाना किती लांब?

चौथा, ठरलेल्या पैशांत काय काय येतं? जेवण, कपडे बदलायला बंद खोली, संडास, फोटो. फोटोचे वेगळे पैसे मागतात, ते तिथं गेल्यावर कळलं की वाद होतो.

पाचवा, ऐनवेळी एखादी मागे हटली, तर तिचे पैसे परत मिळतात का? हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता.

अंगावर काय घालायचं

साडी नको आणि ओढणी तर अजिबात नको. पंजाबी ड्रेसची सलवार नाडी घट्ट बांधून चालते, वर बाह्यांचा टी-शर्ट. पायात मागून पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट. साधी चप्पल पहिल्याच उसळीला वाहून जाते. काचेच्या बांगड्या, अंगठ्या, झुमके काढून ठेवा.

मंगळसूत्रावरून आमच्यात बरीच चर्चा झाली. शेवटी असं ठरलं, की लांब मंगळसूत्र खोलीवर ठेवायचं आणि जिला काढायचंच नाही तिनं आखूड पोत टी-शर्टच्या आत घालायची. हा श्रद्धेपेक्षा दोराचा प्रश्न आहे. रॅपलिंगमध्ये दोर एका धातूच्या कडीतून सरकतो. त्या कडीत ओढणी, मोकळे केस किंवा लोंबती माळ सापडली, तर बाई अधांतरी अडकते. म्हणून केसांची वेणी घालून ती शर्टाच्या आत खोचा. वर आंबाडा घातला तर हेल्मेट नीट बसत नाही.

पाळी आली असेल तर? ती काही आजार नाही. पण पॅड पाण्यात भिजून जड होतं. कप वापरायची सवय असेल, तर पाण्यात उतरायला हरकत नाही. नसेल तर त्या दिवशी झिपलाइन करा. ठरवायचं जिचं तिनं.

लाइफ जॅकेट, होडी आणि दोर

पोहता येत नाही म्हणून मागे राहू नका. आमच्यातल्या नऊ जणींना पोहता येत नव्हतं. लाइफ जॅकेट तरंगत ठेवतं, पण ते घट्ट असलं तरच. सगळे पट्टे आवळा आणि मैत्रिणीला सांगा, खांद्यांपाशी धरून वर ओढ. जॅकेट हनुवटीला लागलं, तर ते सैल आहे. पुन्हा आवळा.

होडीत बसल्यावर पाय पुढच्या आडव्या फुग्याखाली खोचायचे. वल्ह्याची वरची मूठ एका हातात कायम धरायची. ती सुटली, की शेजारणीच्या दाताला लागते. गाइड 'फॉरवर्ड' म्हणाला की पुढे वल्हवायचं, 'बॅक' म्हणाला की उलटं, 'स्टॉप' म्हणजे थांबायचं. हे शब्द काठावरच दोनदा म्हणून घ्या.

पाण्यात पडलात तर आधी होडीभोवतीची दोरी धरा. होडी लांब गेली, तर पाठीवर पडा, पाय पुढे, म्हणजे पाणी वाहतं त्या दिशेला, आणि पायाची बोटं वर. दगड आला तर पायाला लागेल, डोक्याला नाही. वाहत्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका. पाऊल दोन दगडांत अडकतं आणि मागून येणारं पाणी माणसाला पालथं पाडतं. पाणी गुडघाभर असलं, तरी हे लक्षात ठेवा. कोणी दोर फेकला तर दोर छातीशी दोन्ही हातांनी धरा, पण मनगटाला गुंडाळू नका.

झिपलाइन आणि रॅपलिंगला कमरेला आणि दोन्ही मांड्यांना पट्टा बांधतात, त्याला हार्नेस म्हणतात. कमरेचा पट्टा हाडाच्या वर बसला पाहिजे. कडीला कुलूप असतं, ते फिरवून बंद केलंय का, आपण स्वतः पाहायचं. रॅपलिंगला आपण उतरतो तो दोर आणि वरून दुसऱ्यानं धरलेला दोर, असे दोन असायला हवेत. एकच दिसला, तर उतरू नका. झिपलाइनवर पुढच्या तारेला हात लावायचा नाही. चाकाखाली बोट चिरडतं.

आमचं चुकलं ते

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं विचारून गेलात, मग चुकलं कुठं?

काठावर प्रत्येकीकडून एक अर्ज भरून घेतात. हृदयाचा त्रास, रक्तदाब, दमा, फिट, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, पाठीचा किंवा मानेचा आजार, असे रकाने असतात. अर्ज इंग्रजीत होता. आमच्यातल्या एका मुलीनं भराभर सगळीकडे 'नाही' लिहिलं आणि आम्ही ओळीनं सह्या केल्या. कोणी वाचून दाखव म्हणालं नाही.

होडीत चढण्याआधी गाइडनं एकेकीला समोर उभं करून पुन्हा विचारलं. काकू म्हणाल्या, "मला काही नाही." तेवढ्यात त्यांची जाऊ, तीही आमच्याच गटातली, मागून म्हणाली, "ताई, सकाळची गोळी घेतली का?"

सगळ्या गप्प झाल्या. काकूंना चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी आहे. ती घेतली की लघवीला सारखं जावं लागतं, आणि नदीवर कुठं जाणार, म्हणून त्यांनी दोन दिवस गोळीच घेतली नव्हती. आपल्यापैकी कितीतरी जणी लग्नाला, यात्रेला, एसटीच्या प्रवासाला निघताना हेच करतात.

गाइड शांतपणे म्हणाला, "मावशी, रक्तदाब आटोक्यात असता आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असतं, तर गोष्ट वेगळी. दोन दिवस गोळी नाही, तर आज मी तुम्हाला नेणार नाही." त्यानं एका मुलाला काकूंजवळ सावलीत बसवलं आणि होड्या निघाल्या. ज्यांनी ही सहल मनात आणली, त्याच काठावर राहिल्या. परतीच्या वाटेवर त्या जावेशी एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढच्या बैठकीत आम्ही विचारलं, "काकू, आधी का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "पैसे भरले होते ना. सहा महिने साठवलेले. पैसे भरले नसते, तर पहिल्या फटक्यात सांगितलं असतं."

हे ऐकल्यावर आम्हाला आमची चूक कळली. आम्ही जॅकेटचं विचारलं, जेवणाचं विचारलं. पण 'नाही' म्हणणाऱ्या बाईचं काय, हे ठरवलंच नव्हतं. जिचे पैसे बुडणार, ती खरं सांगणार नाही. मग ती आजार लपवेल, भीती लपवेल, पोटातलं दोन महिन्यांचं बाळसुद्धा लपवेल.

सहलवाल्यांनी काकूंचे पैसे परत दिले नाहीत. आमच्यातही सगळ्या लगेच तयार झाल्या नाहीत. "एकीला दिले, तर उद्या दहा जणी काठावरून परत फिरतील," असंही एक जण म्हणाली. त्यावर जाऊ म्हणाली, "फिरू देत. घरी तर येतील." मग ठराव झाला.

तुमच्या बैठकीत लिहून ठेवा

एक, सहलीच्या पैशांतच दर डोई थोडी जादा रक्कम धरायची. ती 'काठावरची' रक्कम. जी कोणत्याही कारणानं मागे हटेल, तिचे पैसे त्यातून परत. कारण विचारायचं नाही. कोणी हटली नाही, तर ती रक्कम पुढच्या सहलीला.

दोन, अर्ज आठवडाभर आधी मागवायचा आणि मराठीत वाचून घ्यायचा. प्रत्येकीनं आपला रकाना स्वतः सांगायचा. चारचौघींत नको असेल, तर एकीलाच कानात सांगायचा. सही केली म्हणजे सहलवाल्यांची काळजी घ्यायची जबाबदारी संपत नाही, हेही लक्षात असू द्या.

तीन, रोजची गोळी चुकवायची नाही. लघवीची सोय कुठं आहे, हे पाचव्या प्रश्नाच्या आधी विचारायचं. गोळ्यांची पुडी आणि डॉक्टरांची चिठ्ठी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून गाडीत ठेवायची.

चार, मोबाइलमध्ये तीन क्रमांक ठेवा. तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि मैत्रिणींनो, जाच. पाणी अंगावर येतं तेव्हा आपण ओरडतो, आणि त्या ओरडण्याला कोणी नाव ठेवत नाही. एवढ्यासाठी तरी जा.

काकूंना त्यांचे पैसे ठरावाप्रमाणे परत दिले. त्यांनी ते तिथंच पुढच्या सहलीला जमा केले. यंदाचा अर्ज त्यांनी जावेला शेजारी बसवून स्वतःच्या हातानं भरला. रक्तदाबाच्या रकान्यात लिहिलं, 'आहे'. खाली गोळीचं नाव लिहिलं, आणि मग डॉक्टरांकडे जायला दोघी मिळून निघाल्या.